पंचावन्न विजय, साठ पराभव

बास्केटबॉलचे पहिले नियम १८९१ च्या डिसेंबर महिन्यात लिहिले गेले. ते एकूण तेरा होते आणि टंकलिखित दोन पानांत मावले. चेंडू कसा फेकावा, कोणी कोणाला ढकलू नये, गोल केव्हा झाला असे धरावे, खेळ किती वेळ चालावा हे सारे त्यांत आहे. दोन पंचांचा उल्लेख आहे. एकाने माणसांवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. कर्णधारांचाही उल्लेख आहे. पण तेराही नियम वाचून काढले तरी त्यांत प्रशिक्षक कोठेच सापडत नाही. मैदानाबाहेर उभे राहून आपल्या संघाला सूचना देणारा कोणी माणूस असेल, ही कल्पनाच ते नियम लिहिणाऱ्याच्या मनात नव्हती.

हे नियम लिहिणारे डॉ. जेम्स नेस्मिथ पुढे स्वतःच एका विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक झाले, आणि त्या पदावर त्यांच्या नावापुढे ५५ विजय व ६० पराभव नोंदले गेले. ज्याने खेळ शोधला तोच त्या खेळात जास्त वेळा हरला! आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या वेळी रेषेबाहेरून मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत एकाच दमात ओरडून सूचना देणारे मार्गदर्शक आपण पाहतो. सामना हरला की त्यांचा चेहरा खेळाडूंच्या चेहऱ्याहून अधिक उतरलेला असतो. नेस्मिथ यांचा चेहरा तसा उतरत नसे. असे का, हे समजून घ्यायचे तर त्यांचे बालपण पाहावे लागते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आल्मोंट नावाचे एक लहान गाव आहे. त्याच्या जवळच्या शेतवस्तीत ६ नोव्हेंबर १८६१ रोजी जेम्सचा जन्म झाला. आईवडील स्कॉटलंडहून येऊन स्थायिक झालेल्यांपैकी होते. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि काही आठवड्यांच्या अंतराने वडील व आई दोघेही गेले. जेम्स तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. थोरली बहीण ॲनी आणि धाकटा भाऊ रॉबी यांच्यासह तो आजीकडे राहिला, व पुढे पीटर यंग या अविवाहित मामाने तिघांचा सांभाळ केला.

मामा कडक होता. त्याच्या शिस्तीची एक हकीकत नेस्मिथ यांच्या चरित्रात येते. हिवाळ्यात घोडे घेऊन गोठलेली नदी ओलांडताना बर्फ फुटला आणि घोडे पाण्यात गेले. पोरवयाच्या जेम्सने एकट्याने धडपड करून त्यांना वर काढले. दम टाकत त्याने मान वर केली, तेव्हा झाडांच्या आडून मामा सारे पाहत उभा असल्याचे त्याला दिसले. मामा मदतीला धावला नव्हता आणि नंतर काही बोललाही नाही. आजच्या पालकांना हे निर्दयपणाचे वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु पुढे बाकावर गप्प बसून आपल्या संघाचा पराभव शांतपणे पाहणाऱ्या प्रशिक्षकाचे मूळ मला या नदीकाठी दिसते.

त्या वस्तीतील मुले एक खेळ खेळत. एका मोठ्या दगडावर एक लहान दगड ठेवायचा व ठराविक अंतरावरून आपला दगड फेकून तो पाडायचा. दगड पाडला की राखणाऱ्याच्या हाती सापडण्यापूर्वी आपला दगड उचलून परत पळायचे. आपली लगोरी ज्याने खेळली आहे त्याला ही गंमत वेगळी समजावून सांगायला नको. जेम्सच्या एक गोष्ट ध्यानात आली. दगड जोराने सरळ भिरकावला तर तो लांब जाऊन पडतो, आणि तो आणण्यात वेळ जाऊन गडी बाद होतो. तोच दगड अलगद, कमान घेऊन टाकला तर नेमका बसतो आणि जवळच पडतो. या निरीक्षणाचा उपयोग व्हायला वीसेक वर्षे जावी लागली.

शाळेत त्याचे मन रमले नाही. पंधरा वर्षांचा असताना त्याने माध्यमिक शाळा सोडली आणि लाकूडतोडीच्या तळावर मजुरी धरली. पाचएक वर्षे कुऱ्हाड चालवून झाल्यावर तो पुन्हा त्याच शाळेत, आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. वयाने थोराड झालेला मुलगा परत वर्गात येऊन बसतो, तेव्हा त्याला काय सोसावे लागते हे आपल्या खेड्यापाड्यांतील शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. १८८३ मध्ये तो माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. उद्देश धर्मोपदेशक होण्याचा होता.

मॅकगिलमध्ये नेस्मिथ अभ्यासात हुशार ठरले आणि खेळांतही पुढे आले. रग्बी पद्धतीचा फुटबॉल, लॅक्रोस आणि जिम्नॅस्टिक्स या तिन्हींत त्यांनी नाव मिळवले. पण त्या काळच्या धर्मशील मंडळींना खेळ, विशेषतः फुटबॉल, म्हणजे सैतानाचा उद्योग वाटे. धर्मशास्त्राचा विद्यार्थी रविवारी काळानिळा डोळा घेऊन प्रवचनाला उभा राहतो म्हणजे काय! सहाध्यायी त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. बहीण ॲनीलाही त्यांचे पुढचे पाऊल कधी रुचले नाही.

या ओढाताणीचा निकाल एका सामन्यात लागला. खेळ ऐन रंगात असताना नेस्मिथ यांच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल गेला आणि त्याच्या तोंडून शिव्यांचा भडिमार झाला. पुढच्याच क्षणी त्याने वळून नेस्मिथ यांच्याकडे पाहिले आणि ते जवळ आहेत याचे भान राहिले नाही म्हणून क्षमा मागितली. नेस्मिथ यांनी त्याला कधी एका शब्दानेही उपदेश केलेला नव्हता. माणसाला चांगले वळण लावायचे तर ते व्यासपीठावरूनच लावता येते असे नाही, मैदानावर नुसते बरोबर खेळूनही ते होऊ शकते, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा पक्का झाला. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी १८९० मध्ये पूर्ण केला, पण चर्चमधील जागा घेतली नाही. त्याच वर्षी ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात आले.

बास्केटबॉलच्या जन्माची कथा क्रीडाप्रेमी वाचकांनी ऐकलेली असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात बाहेर बर्फ असल्यामुळे फुटबॉल बंद आणि आत व्यायामशाळेत तीच ती कवायत. अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग या कवायतीला इतका कंटाळला होता की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले. शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत नवा खेळ तयार करायला सांगितले. नेस्मिथ यांनी आधी फुटबॉल, सॉकर, लॅक्रोस हे खेळ खोलीत बसतील असे बदलून पाहिले. सगळे फसले. कोणाला लागले, कशाची मोडतोड झाली, आणि वर्ग होता तसाच वैतागलेला राहिला.

मुदत संपत आली तेव्हा त्यांनी निराळ्या रीतीने विचार केला, आणि मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातील ही सर्वांत सुंदर घटना वाटते. खेळात माणसे एकमेकांना पाडतात कशासाठी? कारण एकजण चेंडू घेऊन पळतो. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही असे ठरवले तर पाडण्याचे कारणच उरत नाही. चेंडू जोराने का मारतात? कारण गोल समोर उभा असतो. तो डोक्याच्या वर आणि आडवा ठेवला तर जोराचा काही उपयोग नाही, चेंडू कमान घेऊनच टाकावा लागेल. येथे आल्मोंटजवळचा तो दगडांचा खेळ उपयोगी पडला. मारामारी करू नका असे बजावण्याऐवजी त्यांनी मारामारीची गरजच काढून टाकली. उपदेश न करता वळण लावण्याची मॅकगिलमधील ती गोष्ट त्यांनी जणू नियमांत ओतली.

त्यांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आज जगभर बास्केटची उंची दहा फूट आहे! एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ, कारण वर्गात विद्यार्थीच अठरा होते. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने केला. टोपलीला बूड असल्याने चेंडू काढायला शिडी लावावी लागे. फ्रँक महान नावाच्या विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव देण्याची सूचना केली. ती नेस्मिथ यांनी हसण्यावारी नेली, तेव्हा त्यानेच बास्केट आणि बॉल हे दोन शब्द जोडून दिले.

पाचव्या नियमाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय अडकवणे, मारणे यांतले काहीही केले तर पहिल्या वेळी फाऊल धरला जाई. तोच खेळाडू पुन्हा चुकला तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. दुखापत करण्याचा हेतू दिसला तर पूर्ण सामनाभर बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा गडी घ्यायचा नाही. म्हणजे एकाच्या रागाची किंमत सगळ्या संघाने मोजायची. नेस्मिथ यांची पुढची चाळीस वर्षांची शिकवण या एका नियमात आली आहे.

१८९२ च्या जानेवारीत विद्यालयाच्या नियतकालिकात नियम छापून आले आणि खेळ पसरू लागला. पहिल्या वर्गात इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीसुद्धा होता. पॅटन नावाच्या स्प्रिंगफील्डच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने १८९४ मध्ये हा खेळ हिंदुस्थानात आणला. पुढे १९२० मध्ये स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि त्यामुळे बास्केटबॉलला दक्षिण भारतात पक्के घर मिळाले. जवळच्या शाळेतील काही शिक्षिकांनीही पहिल्याच हिवाळ्यात खेळण्याची इच्छा दाखवली. त्या शिक्षिकांबरोबर खेळायला आलेल्या मॉड शर्मन यांच्याशी १८९४ मध्ये नेस्मिथ यांचा विवाह झाला.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मला राहून राहून नवल वाटायला लावते. या माणसाने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही, आणि खेळाच्या प्रसारातून संपत्ती जमवली नाही. चेंडू, जाळ्या, बूट विकून इतरांनी कारखाने उभे केले. नेस्मिथ यांच्या जमेच्या बाजूला पैशाच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. पुढे २०१० मध्ये त्या दोन टंकलिखित पानांचा लिलाव झाला, तेव्हा त्यांना सुमारे ४३ लक्ष डॉलर्स किंमत आली. ताळेबंद लिहायला शिकणाऱ्याने या रकमेची नोंद कोणाच्या खात्यावर करावी?

१८९५ मध्ये नेस्मिथ डेन्व्हरला गेले. तेथे वाय. एम. सी. ए. चे काम सांभाळून त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला व १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाला, म्हणजे लॉरेन्स या गावी, प्रार्थनामंदिराचे प्रमुखपण आणि शारीरिक शिक्षण ही दोन्ही कामे करणारा माणूस हवा होता. स्प्रिंगफील्डचे जुने सहकारी स्टॅग यांनी शिफारस केली. धर्मशास्त्र शिकलेला, डॉक्टर असलेला, निर्व्यसनी, उत्तम खेळाडू आणि तोंडातून कधी अपशब्द न काढणारा असा एकच माणूस एवढ्या सगळ्या अटी पुऱ्या करीत होता. बास्केटबॉल शोधला ही त्यांतली केवळ एक बाब होती.

बास्केटबॉलचा संघ तयार करण्यासाठी त्यांना कोणी बोलावले नव्हते. विद्यार्थ्यांना खेळायचे होते म्हणून संघ तयार झाला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वाय. एम. सी. ए. विरुद्ध पहिला सामना झाला आणि तो १६ विरुद्ध ५ असा हरला. १९०७ पर्यंत नेस्मिथ प्रशिक्षक होते, पण आजच्या अर्थाने नव्हे. कित्येक सामन्यांत ते स्वतःच पंचाचे काम करीत. आपल्याच संघाच्या सामन्यात प्रशिक्षकाने शिट्टी घेऊन उभे राहायचे आणि प्रतिपक्षाने ते बिनतक्रार मान्य करायचे, हे आज कोणत्या स्पर्धेत चालेल? त्यांना डावपेचांची आवड नव्हती. खेळाडूने चेंडू हाती आल्यावर स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे, स्वतः चुकावे. हे सारे बाहेरून कोणी ठरवून दिले तर खेळाडूला खेळातून मिळायचे ते मिळतच नाही, असे ते मानीत. स्वतःच्या शोधाबद्दलही त्यांना फाजील अभिमान नव्हता. शरीराला व्यायाम म्हणून कुस्ती बास्केटबॉलपेक्षा चांगली असे ते खुशाल सांगत. आपल्या कोल्हापूर-बेळगावकडील तालमीतल्या वस्तादांना हे ऐकून फार बरे वाटेल.

खेळाडूंनी शोधून काढलेल्या गोष्टींचा मात्र त्यांना आनंद होई. चेंडू घेऊन पळायचे नाही या नियमातून पळवाट म्हणून कोणीतरी तो जमिनीवर आपटत नेऊ लागला, आणि त्यातून ड्रिब्लिंग जन्माला आले. दुसरा कोणी नियमकर्ता असता तर त्याने ते बंद करायला धाव घेतली असती. नेस्मिथ यांना ते खेळातील सुंदर अंगांपैकी एक वाटले. उलट, संघाने आपल्या टोपलीभोवती जागा धरून उभे राहायचे आणि प्रतिपक्षाची वाट पाहायची, ही बचावाची पद्धत त्यांना अजिबात पटली नाही. ती प्रशिक्षकांनी आणली होती.

याच विद्यापीठात त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन नावाचा एक उमदा खेळाडू होता. भरदार आवाजामुळे त्याला सगळे फॉग ॲलन म्हणत. जवळच्या बेकर विद्यापीठाने या विद्यार्थ्याला आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून मागितले, तेव्हा नेस्मिथ यांना हसू आले. बास्केटबॉल खेळायचा असतो, तो शिकवायचा कसला, अशा आशयाचे त्यांनी ॲलनला ऐकवले. ॲलनने तेथल्या तेथे उत्तर दिले की फेकीची, अंग वळवण्याची, चेंडू देण्याची रीत शिकवता येते. गुरुशिष्यांचा हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही. १९०७ मध्ये नेस्मिथ यांनी प्रशिक्षकपद ॲलनकडेच सोपवले. ॲलनने मधला काही काळ वगळता १९५६ पर्यंत ते सांभाळले व कॅन्ससला ५९० सामने जिंकून दिले. ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे अमेरिकेतील दोन थोर प्रशिक्षक ॲलनचेच विद्यार्थी. १९२७ मध्ये नियमसमितीने ड्रिब्लिंग एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचा घाट घातला, तेव्हा ॲलनने प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभारून तो हाणून पाडला. नियमांत ज्याला जागा नव्हती तो प्रशिक्षक आता संघटित होऊन नियम ठरवू लागला होता.

ॲलनचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. फेक शिकवता येते, आणि शिकवलेला संघ न शिकवलेल्या संघाला हरवतो, हे आकडेच सांगतात. कॅन्सस विद्यापीठाच्या सगळ्या प्रशिक्षकांत पराभव विजयांपेक्षा जास्त असलेले एकटे नेस्मिथच आहेत. तरीही जुने नियम पाहिले तर नेस्मिथ यांचे मत एकट्यादुकट्याचे नव्हते असे दिसते. अमेरिकेत १९१० च्या सुमारास खेळ चालू असताना बाहेरून सूचना देण्यास नियमाने मनाई करण्यात आली, व तसे करणाऱ्या संघाला दंड होई. विश्रांतीसाठी खेळ थांबवला असतानाही प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलायला महाविद्यालयीन सामन्यांत १९४८-४९ पर्यंत परवानगी नव्हती! मैदानात उतरल्यावर निर्णय खेळाडूचा, हा विचार अर्धशतक टिकला.

प्रशिक्षकपद सोडल्यावर नेस्मिथ कॅन्ससमध्ये शिकवीतच राहिले. १९१६ मध्ये ते रीतसर धर्मोपदेशक झाले आणि पलटणीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. पहिल्या महायुद्धात दीडएक वर्ष ते फ्रान्समध्ये सैनिकांत काम करीत होते. १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. या मधल्या वर्षांत त्यांच्या नावाचा फारसा गाजावाजा नव्हता.

१९३३ च्या शरद ऋतूत अठरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे नाव जॉन मॅक्लेंडन. त्याला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचे होते. ज्या विद्यापीठात हा खेळ शोधणारा माणूस शिकवतो तेथे जा आणि त्यालाच तुझा मार्गदर्शक व्हायला सांग, असे वडिलांनी त्याला बजावले होते, आणि त्याने नेस्मिथ यांना तसेच सांगितले. वडिलांचे म्हणणे मोडायचे नसते अशा अर्थाचे काहीतरी बोलून नेस्मिथ यांनी त्याला आत घेतले. मॅक्लेंडनला विद्यापीठाच्या संघात जागा मिळणे शक्य नव्हते. कॅन्ससच्या संघात काळ्या खेळाडूंना मज्जाव होता, आणि तो पुढे १९५१ पर्यंत उठला नाही. नेस्मिथ यांनाही तो उठवता आला नाही. खेळातून चारित्र्य घडते असे मानणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या विद्यापीठात ही स्थिती असावी, ही गोष्ट चरित्रलेखकाने झाकून ठेवू नये असे मला वाटते.

पण जे त्यांच्या हातात होते ते त्यांनी केले. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे येणे आवश्यक होते. काळ्या विद्यार्थ्यांना तलावात न उतरताच उत्तीर्ण करून टाकण्याची सोय विद्यापीठाने काढली होती. मॅक्लेंडनने ती सवलत नाकारली आणि तो सरळ तलावात उतरला. त्यानंतर तलाव रिकामा करून टाकण्यात आला! सार्वजनिक पाणवठ्याचा इतिहास ज्या देशात महाडच्या चवदार तळ्यावर घडला, त्या देशातील वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. मॅक्लेंडन मागे हटला नाही. नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले, आणि शेवटी तलाव सर्व विद्यार्थ्यांना खुला झाला. शिकवण्याचा अनुभव मिळावा म्हणून लॉरेन्सच्या हायस्कूलमध्ये काळ्या मुलांच्या संघाला बास्केटबॉल शिकवण्याची संधीही मॅक्लेंडनला विद्यार्थिदशेतच मिळाली. त्या संघाने १९३६ मध्ये आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले.

स्वतः संघात नसलेला हा मुलगा नेस्मिथ यांच्याकडून पाहायला शिकला. चेंडूमागे मोकळेपणाने धावणारी मुले दाखवून, खेळ असा साऱ्या मैदानभर खेळायचा असतो, हे नेस्मिथ यांनी त्याच्या मनावर ठसवले. चेंडू जेथे असेल तेथेच प्रतिपक्षाला गाठायचे, आपल्या टोपलीपाशी वाट पाहत उभे राहायचे नाही. ॲलनचा मार्ग डावपेचांचा होता. मॅक्लेंडनने या जुन्या साध्या शिकवणीतून वेगवान खेळाची एक पूर्ण पद्धत उभी केली.

त्याच १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक स्पर्धांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. नेस्मिथ यांच्याकडे तेथवर जाण्याइतके पैसे नव्हते. अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांमागे थोडे थोडे पैसे जमवून त्यांच्या प्रवासाची सोय केली. प्रशिक्षकाला नियमांत जागा न देणाऱ्या माणसाला प्रशिक्षकांनीच बर्लिनला नेले, ही गंमत त्यांनाही जाणवली असेल. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्यातील पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हस्ते उडवण्यात आला. अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. जन्मभूमी कॅनडा आणि कर्मभूमी अमेरिका समोरासमोर होत्या. अमेरिकेने १९ विरुद्ध ८ असा विजय मिळवला व पदके नेस्मिथ यांनी वाटली. त्याच पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्ट रोजी ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पाडाव केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांचे प्रात्यक्षिकही त्या वेळी बर्लिनमध्ये दाखवले होते.

१९३७ च्या मार्चमध्ये मॉड यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी नेस्मिथ निवृत्त झाले. १९३९ च्या जूनमध्ये त्यांनी फ्लॉरेन्स किनकेड यांच्याशी विवाह केला. मेंदूत रक्तस्राव होऊन २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. बास्केटबॉलच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानाची जी संस्था आहे तिला त्यांचेच नाव दिलेले आहे.

मॅक्लेंडन तोवर नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात गेला होता. १२ मार्च १९४४ च्या रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, त्याच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघाशी गुपचूप सामना खेळला. काळ्यांनी आणि गोऱ्यांनी एकत्र खेळणे त्या राज्यात कायद्याविरुद्ध होते. म्हणून व्यायामशाळेची दारे लावून घेतली होती आणि प्रेक्षकांना बोलावले नव्हते. मॅक्लेंडनच्या संघाने ८८ विरुद्ध ४४ असा विजय मिळवला. त्यानंतर दोन्ही संघ एकमेकांत मिसळले, नवे दोन संघ पाडले, आणि काळे-गोरे एकाच बाजूने असा आणखी एक सामना खेळले.

टेनेसीतील महाविद्यालयाच्या संघाला मॅक्लेंडन यांनी पुढे १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. नेस्मिथ यांच्या नावाच्या संस्थेने १९७९ मध्ये त्यांचा सन्मान केला, परंतु खेळाला हातभार लावणारे म्हणून, प्रशिक्षक म्हणून नव्हे. १९९९ मध्ये ते वारले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव तेथे लागले ते २०१६ मध्ये.